कर्जखात्यातले व्याज कसे तपासायचे आणि जादा घेतलेले परत कसे मागायचे

"तुम्ही व्याज फार लावताय" असे म्हणत बँकेत गेलात तर काउंटरवरून ठरलेले उत्तर येते: "आम्ही नाही लावत साहेब, सिस्टिम लावते." तक्रार तिथेच संपते. तीच तक्रार अशी मांडून बघा: "मंजुरीपत्रात रेपो अधिक २ टक्के लिहिलंय. रीसेटची तारीख १ जुलै आहे. ६ जून २०२५ ला रेपो साडेपाच झाला, म्हणजे १ जुलैपासून माझा दर साडेसात हवा होता. खात्यात आठच लागतोय. २५ लाखांच्या बाकीवर ९२ दिवसांचे ३,१५१ रुपये जादा गेलेत." (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, आणि रीसेट म्हणजे ठरलेल्या तारखेला कर्जाचा दर नव्याने ठरणे.) आता सिस्टिमकडे बोट दाखवून भागत नाही. कुणाला तरी कागद काढून बघावेच लागते.

हा फरक कायद्यातही आहे. बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट, १९४९ चे कलम २१-अ सांगते की बँकेने लावलेला व्याजदर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालय तो व्यवहार पुन्हा उघडू शकत नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालही बँकेच्या व्यावसायिक निर्णयात पडत नाही, आणि दर किती ठेवायचा हा व्यावसायिक निर्णयच धरला जातो. पण ठरलेलाच दर लावला का, ठरलेल्या तारखेपासून लावला का, खरोखर बाकी असलेल्या रकमेवरच लावला का, हे प्रश्न सेवेतल्या त्रुटीत येतात आणि त्यांची दखल घ्यावी लागते. त्यामुळे "दर जास्त आहे" हे वाक्य अर्जातून काढून टाका. "ठरल्यापेक्षा जास्त घेतले" हे आकड्यात दाखवता आले पाहिजे.

आधी कागद गोळा करा

मंजुरीपत्र, कर्जाचा करारनामा, कर्ज १ ऑक्टोबर २०२४ नंतरचे असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट (दर आणि सगळे आकार एका जागी सांगणारा कागद), कर्ज वाटपाच्या पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण खातेउतारा आणि व्याजदर कधी कधी बदलला त्याचा तक्ता, एवढे हवे. करारनाम्याची प्रत, त्याच्या सगळ्या जोडपत्रांसह, कर्जदाराला देणे बँकेवर बंधनकारक आहे. सह्या करताना घाईत ती बहुतेकांना मिळत नाही आणि मागायचेही राहून जाते. आता मागा, लेखी मागा.

उताऱ्याबाबत एक खबरदारी घ्या. मोबाइल ॲपवर दिसणारा उतारा बऱ्याचदा नुसता हप्त्यांची यादी असतो. प्राप्तिकरासाठी मिळणारे व्याजाचे प्रमाणपत्र तर या कामाला अगदीच निरुपयोगी, कारण त्यात वर्षाची एकूण बेरीज असते. तुम्हाला लेजर हवे, ज्यात प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात: नोंद कधी झाली ती आणि व्हॅल्यू डेट, म्हणजे व्याजाच्या हिशेबासाठी कुठली तारीख धरली ती. वादाची निम्मी उत्तरे या दोन तारखांच्या फरकात सापडतात. अर्जात "व्हॅल्यू डेटसह लेजर आणि व्याजदर बदलाचा इतिहास" असेच शब्द लिहा. नुसते "स्टेटमेंट" मागितले की पुन्हा हप्त्यांची यादीच हातात येते.

तक्ता मांडून हिशेब करा

एक्सेलमध्ये सात रकाने पुरतात: तारीख, नोंद, नावे, जमा, शिल्लक, ती शिल्लक किती दिवस राहिली, आणि त्या काळातला दर. आठव्या रकान्यात व्याज येते: शिल्लक गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५. शिल्लक बदलली की नवी ओळ. दर बदलला तरी नवी ओळ, भले त्या दिवशी एक रुपयाचाही व्यवहार झालेला नसो. महिन्याच्या ओळींची बेरीज बँकेने त्या महिन्यात नावे टाकलेल्या व्याजाशी ताडून बघा.

३० लाखांची बाकी आणि साडेआठ टक्के दर धरला तर दिवसाचे व्याज ६९८ रुपये ६३ पैसे होते. ३१ दिवसांच्या महिन्याचे २१,६५८, ३० दिवसांच्या महिन्याचे २०,९५९ आणि अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीचे १९,५६२. उताऱ्यात व्याज असे महिन्यागणिक वरखाली होत असेल तर बँक रोजच्या शिलकीवर हिशेब करते आहे. रीपेमेंट शेड्यूलमध्ये मात्र पहिल्या महिन्याचे व्याज सरळ २१,२५० दिसेल, कारण तिथे वर्षाच्या व्याजाला बाराने भागलेले असते. या दोन पद्धतींतल्या फरकावरून पुष्कळ लोक भांडायला जातात आणि हरून परत येतात. तुमच्या करारात कुठली पद्धत आहे ते वाचा आणि तीच तक्त्यात वापरा. लीप वर्षात ३६५ ने भागायचे की ३६६ ने, हेही करारातच बघायचे. ३० लाखांवर त्याने वर्षाला सुमारे ७०० रुपयांचा फरक पडतो.

दोन-पाच रुपयांचा फरक पूर्णांकामुळे येतो, तो सोडून द्या. जिथे पहिल्यांदा शंभर-दोनशेच्या वर फरक दिसेल तिथे थांबा. एकदा चुकलेले व्याज पुढच्या प्रत्येक शिलकीत मिसळते, म्हणून पुढचे सगळे महिने चुकलेलेच दिसतात. चूक बहुधा एकच असते आणि ती त्या पहिल्या ओळीत असते. अर्ज त्या ओळीचा करायचा.

कर्जवाटपाची तारीख

व्याज कधीपासून सुरू झाले, ही पहिली तपासणी. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात कर्जसंस्थांकडे आढळलेले गैरप्रकार नावानिशी लिहिले आहेत: कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावणे, चेक बऱ्याच दिवसांनी हातात दिला तरी चेकवरच्या तारखेपासून व्याज लावणे, महिन्याच्या मधे कर्ज दिले किंवा फेडले तरी पूर्ण महिन्याचे व्याज घेणे, आणि एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजणे. असे जादा घेतलेले व्याज आणि इतर आकार ग्राहकाला परत करायला लावल्याचे त्याच परिपत्रकात नमूद आहे. अर्जात या परिपत्रकाची तारीख जरूर लिहा.

चेकचा प्रकार घर घेताना फार घडतो. समजा ३० लाखांचा चेक ५ तारखेचा आहे, पण नोंदणी १७ तारखेला झाली आणि त्याच दिवशी विकणाऱ्याच्या हातात चेक पडला. मधले १२ दिवस पैसे बँकेकडेच होते. साडेआठ टक्क्यांनी त्याचे ८,३८४ रुपये होतात. पुरावा म्हणून नोंदणीची पावती आणि चेक घेतल्याची पोच चालते. पुण्या-ठाण्याकडे बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला असेल तर बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे जातात. तिथे प्रत्येक टप्प्याची तारीख बिल्डरच्या पावतीशी जुळवून बघा. प्री-ईएमआय व्याज, म्हणजे पूर्ण हप्ता सुरू होण्याआधीचे व्याज, फक्त तोवर दिलेल्या रकमेवर लागायला हवे.

याच ठिकाणी आणखी एक नोंद डोळ्याखालून घाला: कर्जाबरोबर विकलेल्या विम्याचा एकरकमी हप्ता. तो बऱ्याचदा कर्जातच मिसळून टाकतात आणि वीस वर्षे त्यावर व्याज चालू राहते. मंजुरी ३० लाखांची आणि पहिली शिल्लक ३१ लाख २० हजारांची दिसत असेल तर वरच्या रकमेचा खुलासा मागा. नव्या कर्जात की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये नसलेला कुठलाही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

फ्लोटिंग दर: जास्तीत जास्त पैसा इथे जातो

तुमचे कर्ज कुठल्या पद्धतीत आहे हे आधी ठरवा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराची घरकर्जे आणि इतर वैयक्तिक कर्जे बाहेरच्या मापदंडाला, बहुधा रेपोला, जोडावी लागतात. दर तीन महिन्यांतून किमान एकदा रीसेट व्हायलाच हवा. त्याआधीची कर्जे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दरांवर, म्हणजे एमसीएलआरवर (एप्रिल २०१६ पासून) किंवा बेस रेटवर (जुलै २०१० पासून) असू शकतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा रेपोचा नियम लागू नाही, त्यांचा स्वतःचा संदर्भदर असतो. कंपनीकडून कर्ज घेऊन "रेपो उतरला, माझा दर उतरवा" असा अर्ज केला तर तो नाकारला जाणार, आणि त्यात कंपनीची चूक नाही.

रेपोला जोडलेल्या कर्जात हिशेब सोपा आहे. दर म्हणजे रेपो अधिक मार्जिन, म्हणजे बँकेने त्यावर चढवलेले टक्के. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ झाला. मार्जिन २ टक्के असेल तर साडेआठचा दर डिसेंबरच्या कपातीनंतरच्या रीसेटला सव्वासातवर यायला हवा. उताऱ्यात पावणेआठ दिसत असेल तर एक तर एखादी कपात दरात उतरलेली नाही किंवा मार्जिन वाढवले आहे. २५ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला साडेबारा हजार.

मार्जिन मनाला येईल तसे वाढवता येत नाही. त्यातला जोखमीचा भाग तुमच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला तरच बदलता येतो, आणि तोही करारात ठरल्याप्रमाणे. बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येतात. ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते लवकर कमी करण्याची मुभा बँकांना मिळाली, वाढवण्याची नाही. म्हणून विचारायचा प्रश्न हा: "मंजुरीच्या दिवशी माझे मार्जिन किती होते, आज किती आहे, कधी बदलले आणि कुठल्या कारणाने?" सिबिल स्कोअर घसरल्याचे कारण दिले तर करारातले ते कलम आणि मूल्यांकनाची तारीख मागा.

एमसीएलआरवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे रीसेट वर्षातून किंवा सहा महिन्यांतून एकदा असतो, आणि रेपो उतरला तरी एमसीएलआर त्याच वेगाने उतरेल याची हमी नाही. भांडून काही मिळत नाही. तिथे भांडण्यापेक्षा पद्धत बदलून घेणे फायद्याचे. मुदतपूर्व परतफेडीवर आकार न लागणाऱ्या कर्जदाराला बाहेरच्या मापदंडावर जाण्यासाठी वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चापलीकडे फी घेता येत नाही. शिवाय बदलून मिळणारा दर त्याच प्रकारच्या नव्या कर्जदाराला मिळणाऱ्या दराइतकाच हवा. बँका हे आपणहून सांगत नाहीत, आणि त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे कर्जदार अजूनही दीड-दोन टक्के जास्त भरत बसलेले दिसतात. हे मला खरोखर खटकते. ज्यांनी एकही हप्ता चुकवला नाही तेच यात सगळ्यात जास्त भरडले जातात.

मग येतो मुदत वाढवण्याचा प्रकार. दर वाढला की बँक हप्ता तोच ठेवते आणि महिने वाढवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० झाला, तेव्हा हे सर्रास झाले. एक उदाहरण मांडतो. ३० लाख, २० वर्षे, पावणेसात टक्के: हप्ता २२,८११ रुपये. दर सव्वानऊवर गेला तेव्हा बाकी २९ लाख ७० हजार होती असे धरा. महिन्याचे व्याजच २२,८९४ होते. म्हणजे हप्ता पूर्ण भरूनही मुद्दल दर महिन्याला वाढत जाते. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे बंद केले: मुदत इतकी वाढवता येणार नाही की हप्त्यातून व्याजही फिटत नाही. रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की थोडे थोडे दोन्ही करायचे, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा (स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही तेव्हा द्यावा लागे, ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही हे बँकेवर सोपवले आहे). कधीही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करू द्यायची. दर तिमाहीला मुद्दल आणि व्याज किती वसूल झाले, हप्ता किती, किती हप्ते उरले आणि वार्षिक दर किती, हे सांगणारे साध्या भाषेतले विवरण द्यायचे. हे हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे.

तुमच्या उताऱ्यात उरलेले हप्ते वाढलेले दिसले आणि तुम्हाला कुणी विचारले नव्हते, तर अर्जात दोन मागण्या करा: बदलाची सूचना कधी आणि कशी पाठवली त्याचा पुरावा, आणि आजच्या दराने मूळ मुदतीत कर्ज फिटेल असा नवा हप्ता. दर उतरल्यावरही हेच उलट बाजूने बघायचे. हप्ता कमी झाला की लोक खूश होतात, पण जुना हप्ता चालू ठेवला तर वाढलेली वर्षे मागे येतात. बँकेला तसे लेखी कळवावे लागते.

मधेच भरलेली मोठी रक्कम

बोनस आला, जमीन विकली, पाच लाख कर्जात भरले. भरले ६ तारखेला आणि लेजरमध्ये व्हॅल्यू डेट आली २८. साडेआठ टक्क्यांनी २२ दिवसांचे २,५६२ रुपये गेले. असे होते कारण रक्कम आधी एका तात्पुरत्या खात्यात पडते आणि शाखेने "पार्ट पेमेंट" म्हणून वळवेपर्यंत तिथेच राहते. कधी ती आगाऊ हप्ता म्हणून धरली जाते आणि मुद्दल कमीच होत नाही. भरतानाच स्लिपवर आणि ई-मेलमध्ये "ही रक्कम आजच्या तारखेने मुद्दलात वळती करावी, मुदत कमी करावी, हप्ता कायम ठेवावा" असे लिहून द्या. वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार नसतो. वेगळ्या नावाने लावला असेल तर तोही परत मागा.

दंडव्याज

हप्ता चुकला की पूर्वी दरावर २ टक्के दंडव्याज चढायचे, ते मुद्दलात मिसळायचे आणि त्यावर पुन्हा व्याज लागायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या निकालात दंडव्याजाचे भांडवलीकरण करता येणार नाही असे सांगितले होते. तरी ते चालूच राहिले. १८ ऑगस्ट २०२३ च्या दुसऱ्या परिपत्रकाने दंडव्याज हा प्रकारच काढून टाकला. आता दंड फक्त आकार म्हणून लावता येतो, व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या आकारावर व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि जुनी कर्जे ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीवर आणायची होती. अशा दंडावर जीएसटी नाही, हेही २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले आहे.

इथे एक बारकावा सांभाळा, नाहीतर अर्ज उलटतो. बंदी दंडावरच्या व्याजाला आहे. थकलेल्या हप्त्यातल्या व्याजावर करारातल्या नेहमीच्या दराने चक्रवाढ लागणे चालूच राहते. त्यामुळे तक्त्यात दंडाच्या नोंदी वेगळ्या रंगाने खुणवा, त्या शिलकीतून वजा करून हिशेब पुन्हा करा, आणि जो फरक येईल तेवढाच मागा.

करोनाकाळात हप्त्यांना मिळालेल्या स्थगितीबद्दलही अजून विचारणा होते. मार्च ते ऑगस्ट २०२० मधले व्याज माफ झालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्च २०२१ च्या निकालाने माफ झाली ती फक्त व्याजावरच्या व्याजाची आणि दंडाची रक्कम. ३० लाखांवर ८ टक्क्यांनी तो फरक सुमारे २ हजार रुपये येतो. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना तो नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारी अनुदानातून जमा झाला असेल. उताऱ्यात ती जमा शोधा, सापडली तर विषय संपला.

पीककर्जाचे नियम वेगळे आहेत. चालू पीककर्जावर दरमहा चक्रवाढ लावता येत नाही, व्याजाची आकारणी पिकाच्या हंगामाशी जुळलेली हवी. अल्प आणि अत्यल्प भूधारकाच्या, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या, अल्पमुदत कर्जात नावे टाकलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. जुनी थकबाकी एकरकमी मिटवायला बसताना हा नियम हातात असू द्या.

अर्ज कसा लिहायचा

एका पानात. मराठीत चालतो. पहिल्या ओळीत खाते क्रमांक, दुसऱ्या परिच्छेदात चूक: कुठल्या तारखेची नोंद, काय व्हायला हवे होते, काय झाले, आधार कुठला (करारातले कलम किंवा परिपत्रकाची तारीख). मग रक्कम. मग मागणी: "जादा घेतलेले अमुक रुपये मूळ तारखेच्या व्हॅल्यू डेटने खात्यात जमा करावेत." हे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. आजच्या तारखेने रक्कम जमा केली तर मधल्या काळात तिच्यावर लागलेले व्याज बँकेकडेच राहते. तक्ता जोडपत्र म्हणून लावा. तीन वेगवेगळ्या चुका असतील तर तीन वेगळे मुद्दे क्रमांक घालून लिहा, एकात एक गुंतवू नका. रागाचा मजकूर नको. अर्ज वाचणारा माणूस बहुधा चूक करणारा नसतो.

शाखेत दिलात तर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या, शिवाय बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकून तक्रार क्रमांक घ्या. नुसत्या फोनवरच्या तक्रारीला पुढे किंमत राहत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारलीच जात नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते, आणि तोच विषय न्यायालयात चालू असेल तरी ती परतच येते. या तक्रारीला मुदत असते, म्हणून बँकेचे उत्तर हातात पडले की पुढचे पाऊल त्याच आठवड्यात टाका.

हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्धची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा अंकुश नाही, तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते. ग्राहक आयोगाचा रस्ता सगळ्यांना खुला आहे, त्याची मुदत दोन वर्षे.

या काळात हप्ता थांबवू नका. "निकाल लागेपर्यंत भरणार नाही" हा पवित्रा फार महागात पडतो. ९० दिवस थकले की खाते एनपीए (बुडण्याची भीती असलेले थकीत कर्ज) होते, सिबिल बिघडते, आणि मग व्याजाच्या मूळ प्रश्नाकडे कुणी बघत नाही. वादातली रक्कमही भरा, पण सोबत पत्र द्या की ती हक्क राखून भरली आहे.

खाते आधीच थकले असेल तर

एनपीए झाल्यावर बँक खात्यात व्याज दाखवणे थांबवते, पण त्याचा हिशेब वेगळा ठेवते. म्हणून उताऱ्यावर ८ लाख आणि नोटिशीत ११ लाख असा प्रकार दिसतो. ही तफावत आपोआप लबाडी ठरत नाही. तिची फोड मात्र मागायलाच हवी: मुद्दल किती, करारातले व्याज किती, कुठल्या दराने, कुठल्या तारखेपर्यंत, दंडाचा आकार किती, कायदेशीर खर्च किती. दंडावर व्याज चढले आहे का, ते या फोडीतूनच कळते.

सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) खाली नोटीस आली तर थकबाकी भरायला ६० दिवस असतात. त्या मुदतीत आकड्यांवरचा आक्षेप लेखी द्या. कलम १३(३-अ) प्रमाणे बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. बहुतेक लोक ही नोटीस कपाटात ठेवून देतात, आणि आकड्यांवर बोलायची सगळ्यात चांगली संधी तिथेच हुकते. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती न्यायाधिकरणे आहेत. आणि इथे मात्र वकील घ्या.

तडजोडीने एकरकमी मिटवत असाल तर मंजुरीच्या पत्रात तीन गोष्टी आहेत का बघा: अंतिम रक्कम, भरण्याची शेवटची तारीख, आणि त्या तारखेपर्यंत रक्कम भरली तर पुढे व्याज लागणार नाही हे स्पष्ट वाक्य. हे वाक्य नसेल तर हप्त्याहप्त्याने तडजोडीची रक्कम भरताना उरलेल्या भागावर व्याज चालूच राहू शकते, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर वीस-तीस हजारांची नवी मागणी समोर येते. पैसे भरायच्या आधी ते वाक्य लिहून घ्या. कर्ज पूर्ण फिटले की घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरलेली आहे, आणि तीही अर्ज करूनच मागावी लागते.